दहा वावांचा समुद्र

पावसाळा सरून समुद्र निवळला, की सिंधुदुर्गातल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यांवर रापणीचे दिवस येतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरूनच ओढायचे लांबलचक जाळे. दोराचे एक टोक वाळूत उभ्या असलेल्या माणसांच्या हाती देऊन होडी वल्ह्यांवर आत जाते, जाळे सोडत सोडत मोठा अर्धगोल घेते आणि थोडे पुढे पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडच्या दोरांना माणसे भिडतात. बराच वेळ ओढल्यावर जाळे उथळ पाण्यात येते आणि बांगडे, तारल्या, पेडवे वाळूवर उतरतात.

या मासेमारीला इंजिन लागत नाही, डिझेल लागत नाही. लागतात माणसे आणि त्यांची एकी. रापण बहुधा एकट्याची नसते, रापणसंघाची असते. आलेल्या उत्पन्नाचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा. वेळेवर येऊन दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही कालवणापुरती मासळी मिळते. एका किनाऱ्यावर अनेक संघ असले, तर कोणी कधी जाळे टाकायचे हे आपसात ठरवून घेतलेले असते. हे नियम कोणत्याही राजपत्रात छापलेले नाहीत, पण किनाऱ्यावर ते सगळ्यांना पाठ असतात.

रापणीची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. दोर पोहोचेल तेवढाच तिचा समुद्र. मासा किनाऱ्याजवळ आला तर मिळेल, खोल पाण्यात त्याचा पाठलाग तिला करता येत नाही. कोकणात समुद्राची खोली वावांत मोजतात आणि एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. रापण, हाताने फेकायचा पाग आणि लहान होड्यांवरची जाळी यांचा संसार मुख्यतः दहा वावांच्या आतल्या पाण्यावर चालतो. हे पाणी संपले तर या माणसांना जायला दुसरा समुद्र नाही. म्हणूनच ते राखण्याची सर्वांत जास्त गरज त्यांना असते.

छोट्या मच्छीमारांना पाठबळ द्यायचे म्हणजे काय करायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर इथून सुरू होते. त्यांचे पाणी, त्यांचा किनारा आणि त्यांचा बाजार या तीन गोष्टी त्यांच्याकडे राहिल्या, तर मासाही टिकेल आणि माणूसही. अनुदान, कर्ज, नवी यंत्रे यांचे मोल त्यानंतरचे.

छोटे, पण थोडे नव्हेत

‘पारंपरिक मच्छीमार’ म्हटले की अनेकांना मागे पडलेला, आज ना उद्या बंद होणारा धंदा आठवतो. जगाचे आकडे वेगळेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश या संस्थेबरोबर केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र, नद्या आणि तलाव मिळून जगात जेवढी मासळी पकडली जाते, तिच्यातली सुमारे ४० टक्के छोटे मच्छीमार आणतात, असे त्यात दिसले. मासे पकडण्याच्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या कामांतला ९० टक्के रोजगार त्यांच्याकडे आहे. जवळपास ४९ कोटी माणसांची उपजीविका थोडी किंवा पूर्णपणे या धंद्यावर अवलंबून आहे. जाळी विणण्यापासून मासळी विकण्यापर्यंतच्या साखळीत दर दहा माणसांत चार स्त्रिया आहेत.

महाराष्ट्राचा किनारा पालघरमधल्या झाईपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत पूर्वापार ७२० किलोमीटर मानला जातो. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये केलेल्या गणनेत या किनाऱ्यावर मच्छीमारांची ४५६ गावे, ८१,४९२ कुटुंबे आणि ३,८६,२५९ माणसे नोंदली गेली. बर्फ, वाहतूक, जाळेदुरुस्ती, सुकी मासळी यांवर जगणारे आणखी कितीतरी हात या संख्येच्या आजूबाजूला आहेत.

छोटे कोणाला म्हणावे याची जगभर चालणारी एकच व्याख्या नाही. आपल्याकडे होड्यांची विभागणी बिगर यांत्रिकी, बाहेरून इंजिन बसवलेल्या आणि यांत्रिकी अशी होते. पण केवळ इंजिनावरून माणूस कळत नाही. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, स्वतः बोटीवर जातो का, खलाशांत घरची माणसे आहेत का, बोट त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत परत येते का, मासळी घरातल्या बाईच्या हातून बाजारात जाते का, या खुणा जास्त बोलक्या आहेत.

दक्षिण कोकणात जशी रापण, तशी मुंबईपासून पालघरपर्यंत आणि रायगडच्या किनाऱ्यावर डोल. डोल म्हणजे तोंड रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी जाळ्याची पिशवी. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ती बांधतात आणि तिचे तोंड प्रवाहाकडे करतात. भरती-ओहोटीचे पाणी तिच्यातून वाहते आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली पिशवीत जमा होते. मासे आणण्याचे काम प्रवाहच करतो, म्हणून डोलीचे वेळापत्रक चंद्राच्या हाती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, तेव्हा कामाला उसंत नसते. भांगाच्या दिवसांत पाणी मंद होते, तेव्हा जाळी दुरुस्त होतात, माणसे विसावतात आणि समुद्रालाही थोडा विसावा मिळतो. पुढे वसई-अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा इथल्या किनाऱ्यांवर बांबूंच्या वलांडींवर बोंबील सुकतात आणि पावसाळ्यासाठी घराघरांत साठवले जातात.

यंत्र आले आणि पाणी लहान झाले

स्वातंत्र्यानंतर अन्न आणि परकीय चलन या दोन्हींची गरज होती. १९५२ मध्ये भारत-नॉर्वे प्रकल्पाचा करार झाला आणि केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारीची पायाभरणी झाली. साठच्या दशकात परदेशातून कोळंबीला मागणी वाढली, तसा तळ खरवडत जाणारा ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर पसरला. कोळंबी उथळ पाण्यात तळाशी राहते, त्यामुळे मोठ्या समुद्रासाठी बांधलेल्या बोटी छोट्या होडीच्या पाण्यातच येऊ लागल्या.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकात पर्ससीन जाळे आले. वर तरंगत चाललेल्या बांगड्या-तारल्यांच्या थव्याभोवती बोट जाळ्याचे गोल कडे टाकते, मग खालचा दोर आवळून तळ बंद करते आणि अख्खा थवा एका दमात उचलते. कर्नाटकातही रापणीसारखीच ‘रांपणी’ होती आणि शेकडो माणसे तिच्यावर पोसली जात. पर्ससीन आल्यावर थवे किनाऱ्याला लागण्याआधीच उचलले जाऊ लागले आणि अवघ्या काही वर्षांत रांपणी नाहीशी झाली. तिच्यासोबत ती ओढणारी गावेही त्या धंद्यातून उठली.

गोव्यातल्या रापणकारांनी हे पाहिले आणि ते रस्त्यावर उतरले. मातानी साल्ढाणा यांच्यासारख्या शिक्षकी पेशातून आलेल्या कार्यकर्त्याने त्या लढ्याचे नेतृत्व केले. किनाऱ्याजवळचे पाणी यंत्रांपासून मोकळे ठेवा, एवढीच त्यांची मागणी होती. १९७८ मध्ये देशभरातल्या छोट्या मच्छीमारांची संघटना उभी राहिली, तिच्यामागे गोव्याच्या या आंदोलनाची ताकद होती. या दबावातून केंद्राने राज्यांसाठी कायद्याचा नमुना तयार केला. गोवा आणि केरळ यांनी १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. आज हा कायदा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कपाटातला कागद वाटत असेल, पण तो वाळूवर दोर ओढणाऱ्या माणसांनी झगडून मिळवलेला आहे.

कायदा काय म्हणतो

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापुढे केंद्राचे क्षेत्र. महाराष्ट्राच्या नियमांनुसार जागेप्रमाणे पाच ते दहा वाव खोलीपर्यंतच्या पाण्यात यांत्रिकी ट्रॉलिंगला मनाई आहे. हाच तो दहा वावांचा समुद्र, छोट्या होडीसाठी राखलेला.

पुढे पर्ससीनचा प्रश्न महाराष्ट्रात चिघळला, तेव्हा डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. पर्ससीनला राज्याच्या पाण्यात सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने आणि ठरावीक क्षेत्र मिळाले. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आपला जुना कायदा दुरुस्त करून दंडाच्या रकमा लाखांच्या घरात नेल्या. तोवर अशा प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांकडे होता, तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. कागदावरचा हा प्रवास बरोबर दिशेने झाला आहे.

एलईडीवर बंदी का, हे समजून घेणे गरजेचे आहे. रात्रीच्या अंधारात समुद्रात प्रकाश दिसला की अनेक जातींचे मासे त्याच्याकडे ओढले जातात, त्यांची पिल्लेही येतात. जनरेटरवर चालणारे शक्तिशाली दिवे लावले, की दूरदूरचा मासा एका जागी गोळा होतो आणि पर्ससीनचे कडे त्याच्याभोवती आवळले जाते. कोणता मासा, किती मोठा, अंडी घातलेला की नाही, यातले काहीही निवडायला वाव उरत नाही. मासा कुठे असेल हे ओळखण्याचे, बोट हाकणाऱ्या तांडेलाचे पिढ्यांचे ज्ञानही तिथे निकामी होते. उरते ती दिव्यांची आणि भांडवलाची स्पर्धा.

खरी अडचण अंमलबजावणीत आहे. समुद्रावर कुंपण नसते. कर्नाटकातले हायस्पीड ट्रॉलर रातोरात सिंधुदुर्गाच्या पाण्यात येतात, छोट्या मच्छीमारांनी लावलेली जाळी फाडून निघून जातात आणि गस्तीची बोट त्यांच्या वेगाला पुरी पडत नाही, ही मालवणच्या मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. कित्येकदा त्यांनी स्वतःच समुद्रात जाऊन अशा बोटी अडवल्या, त्यातून हाणामाऱ्या झाल्या आणि गुन्हे पारंपरिक मच्छीमारांवरही दाखल झाले. कायद्याने ज्याला पाणी राखून दिले, त्यालाच ते राखण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागाव्यात, याइतका अन्याय दुसरा नाही. २०२५ च्या जानेवारीपासून राज्याने ड्रोनने टेहळणी सुरू केली आहे. आकाशातून बोट दिसणे ही पहिली पायरी. त्या बोटीवर कारवाई होणे, दंड वसूल होणे आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याचा परवाना जाणे, या पुढच्या पायऱ्या चढल्याशिवाय ड्रोनचा खर्च सत्कारणी लागणार नाही.

पिल्लू वाचले तर मासा

केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली आणि गेल्या ४५ वर्षांतला हा नीचांक ठरला. त्या वर्षी अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ यांसारखी चक्रीवादळे आली, मासेमारीचे कितीतरी दिवस वाया गेले. एका वर्षाच्या आकड्यावरून सगळा निष्कर्ष काढू नये हे खरे. पण वादळ ओसरल्यावर सावरण्याची ताकद समुद्रात किती उरली आहे, हे त्यातल्या लहान माशांवर ठरते. न वाढलेली पिल्ले ओरबाडणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे.

इथे जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाच्या आकाराचा प्रश्न येतो. ट्रॉलच्या शेपटाचे नेहमीचे आस शंकरपाळ्यासारखे तिरके असतात. जाळे ओढले जाऊ लागले की ताणामुळे ते मिटतात आणि बोटाएवढे पिल्लूही आत अडकते. त्याऐवजी चौकोनी आसाचे शेपूट लावले, तर ताणातही भोके उघडी राहतात आणि पिल्ले निसटून जातात. बदल साधा आहे, खर्चही फार नाही. अडते ते एवढ्यावर की शेजारच्या बोटीने तो केला नाही, तर आपण सोडलेले पिल्लू तिच्या जाळ्यात जाणार, अशी प्रत्येकाला भीती असते. म्हणून असा नियम सर्वांना एकाच वेळी लागू करावा लागतो.

२०२३ मध्ये राज्याने आणखी एक पाऊल उचलले. मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आणि त्याहून लहान मासे पकडायला व विकायला मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पालघरमधले सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले बंदर. तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी एके काळी दलालाला वळसा घालून आपला माल परदेशी बाजारापर्यंत पोहोचवला. आज त्याच पट्ट्यात मोठे पापलेट कमी होत चालल्याची चिंता आहे.

छोटी मासेमारी आपोआप निर्दोष असते, असे मी म्हणणार नाही. जवळा मुळातच बारीक, त्यामुळे डोलीच्या शेपटाचे आस बारीकच ठेवावे लागतात आणि त्यात पापलेटची पिल्लेही येतात. इथे आस मोठा करा म्हणून भागत नाही, कारण मग जवळाच मिळणार नाही. उपाय जागा आणि महिना पाहून करावा लागतो: पिल्ले ज्या काळात ज्या पाण्यात वाढतात, तेवढा काळ तिथे डोल न लावणे. हे ज्ञान प्रयोगशाळेत आहे, त्याहून जास्त डोलकरांकडे आहे. दोघे एकत्र बसले तर नियम नेमका होईल, आणि बंद ठेवलेल्या दिवसांची भरपाई मिळाली तर तो पाळलाही जाईल.

पावसाळी बंदीचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद असते. आपल्याकडे ही शिस्त कायद्याच्या आधीपासून आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच होड्या पाण्यात लोटायच्या, हा रिवाज खवळलेल्या समुद्रापासून माणसाला वाचवत आला आणि अंडी घालणाऱ्या माशालाही. बंदी वाढवून १५ ऑगस्टपर्यंत न्यावी, अशी मागणी छोट्या मच्छीमारांच्या संघटनाच वर्षानुवर्षे करत आहेत. स्वतःची कमाई आणखी काही दिवस थांबवा असे मागणारा धंदा दुसरा सहसा दिसणार नाही. बंदीच्या काळात घर चालावे म्हणून बचत आणि मदतीची सरकारी योजना आहे. तीन महिन्यांसाठी मच्छीमाराचे १,५०० रुपये आणि सरकारचे ३,००० मिळून हाती ४,५०० रुपये पडतात. पाच माणसांच्या घराला ते किती दिवस पुरतील, याचा हिशेब कोणीही मांडावा.

मदत नीट आखली तर काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी मच्छीमाराने जाळे कापून सोडला, तर फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. ते कापण्याचा भुर्दंड एकट्या त्याच्यावर पडू नये, एवढा साधा न्याय यात आहे.

मासळी विकणारी बाई

बोट धक्क्याला लागली की समुद्रावरचा पुरुषाचा भाग संपतो आणि बाईचा सुरू होतो. पहाटे ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर लिलावात उभे राहणे, मासळी पारखणे, भाव पाडणे, बर्फात भरणे, टॅक्सीतून किंवा लोकलच्या सामानाच्या डब्यातून बाजार गाठणे, न विकलेली मासळी खारवणे-सुकवणे आणि उधारीची वसुली करणे, हे सगळे कोळी बायका करतात. घरातला रोखीचा व्यवहार बहुधा त्यांच्याच हाती असतो. तरी मच्छीमार म्हणून नोंद होताना, बोटीचा परवाना किंवा डिझेलचा परतावा मिळताना समोर येतो तो पुरुष. बाईचे काम हिशेबाबाहेर राहते.

ताजी मासळी ही वेळेशी बांधलेली वस्तू आहे. सकाळी आठला जे पापलेट सोन्याच्या भावाने जाते, त्याच्यासाठी दुपारी बर्फ नसेल तर पडेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून मासळीबाजारात ओटा, पाणी, बर्फ, शौचालय आणि माल सुरक्षित ठेवायला शीतकपाट असणे म्हणजे तिच्या उत्पन्नात थेट वाढ. बाजाराच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की विक्रेत्यांना लांब हलवण्याचा प्रस्ताव येतो. जागा हलली की रोजचे गिऱ्हाईक सुटते आणि ते दुसरीकडे पुन्हा बांधायला वर्षे जातात. केरळने २०२१ मध्ये तिरुवनंतपुरमला मासे विकणाऱ्या बायकांसाठी मोफत बससेवा सुरू केली. टोपली घेऊन चढणाऱ्या बाईला बसमध्ये कोणी नाक मुरडू नये, हा त्यामागचा विचार मुंबई-ठाण्यालाही लागू आहे.

किनारा कोणाचा

समुद्राएवढीच छोट्या मच्छीमाराला जमीन लागते. होडी ओढून ठेवायला, जाळी वाळवायला आणि विणायला, बोंबील सुकवायला मोकळी वाळू हवी. ही जागा गावाच्या वहिवाटीची असते, सातबारावर कोणाचे नाव नसते. नकाशात ती रिकामी दिसते आणि रिकामी जागा दिसली की तिच्यावर प्रकल्प येतो. कोळीवाड्यांचे सीमांकन करून वाळवणाच्या आणि होड्यांच्या जागा नकाशावर आणण्याची मागणी म्हणूनच इतकी कळीची आहे.

नुकसान झाले तर त्याची किंमत मोजावी लागते, हे उरण-पनवेल परिसरातल्या मच्छीमारांनी सिद्ध केले. बंदराच्या विस्तारासाठी झालेल्या भरावामुळे खाडीचे पाणी आणि खारफुटी बाधित झाली, म्हणून ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधले अंतर वाढवण्यासाठी लढा दिला. होड्या सुरक्षितपणे ये-जा करू शकतील एवढे अंतर हवे, असे ते म्हणत होते. अखेर २०२२ च्या डिसेंबरमध्ये ६० मीटरऐवजी १२० मीटर अंतर ठेवण्याचे सरकारने मान्य केले. या पाण्यात रोज होडी चालवणाऱ्यांना आराखडा काढतानाच विचारले असते, तर काम थांबले नसते आणि खर्चही वाढला नसता.

आता डहाणूजवळ वाढवण इथे ७६,२०० कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. पालघरचा हा पट्टा डोलीचा आणि पापलेटचा. बंदर होऊ घातले असेल, तर कोणत्या गावाचे कोणते पाणी जाणार, कोणाच्या खुंटांची जागा जाणार, बोंबील सुकवणाऱ्या बायकांना काय मिळणार, हे घराघराच्या हिशेबाने आणि काम पुढे जाण्याआधी ठरायला हवे. भरपाई केवळ बोटमालकाला मिळून खलाशी आणि मासे विकणारी बाई बाहेर राहिली, तर तो अर्धाच न्याय ठरेल.

नियम कोणी करावेत

समाईक संपत्ती लुटली जाणारच, तिला वाचवायचे तर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खासगी मालकाला द्यावी, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ मानले जाई. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली उदाहरणे तपासून दाखवले, की ती वापरणारी माणसे स्वतःच नियम करून ती पिढ्यानपिढ्या राखू शकतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या उदाहरणांत तुर्कस्तानातले अलान्या हे मच्छीमार गाव आहे. तिथे मोसमाच्या सुरुवातीला मासे मिळण्याच्या सर्व जागांची यादी होते, चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या जातात आणि मग प्रत्येक जण रोज एक जागा पुढे सरकतो. चांगली जागा प्रत्येकाला मिळते, म्हणून कोणी दुसऱ्याच्या जागेवर गेला तर सगळे लगेच टोकतात. आपापसात ठरवून जाळे टाकणाऱ्या रापणसंघांना हे नवे वाटणार नाही.

केरळमधल्या अष्टमुडी सरोवराची गोष्ट आणखी जवळची आहे. आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या शिंपल्या तिथे काढल्या जातात. निर्यातीच्या ओढीने उपसा इतका वाढला की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन झपाट्याने घसरले. मग शास्त्रज्ञ, सरकार आणि शिंपल्या काढणारे यांनी मिळून काही नियम घातले: जाळ्याचा आस ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको, डिसेंबर ते फेब्रुवारी हे प्रजननाचे महिने बंद, फार लहान शिंपल्यांची निर्यात नाही. शिंपल्या टिकल्या आणि २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिले.

त्याच वर्षी जूनमध्ये अन्न व कृषी संघटनेच्या सदस्य देशांनी शाश्वत छोट्या मासेमारीसाठीची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. केवळ छोट्या मच्छीमारांसाठी असलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय दस्तऐवज. पाण्यावरचा आणि जमिनीवरचा हक्क, स्त्रियांची बरोबरी, कामाची सुरक्षितता, बाजार, आपत्तीतले संरक्षण हे सारे त्यात आहे. चेन्नईच्या ज्या संस्थेने या तत्त्वांसाठी वर्षानुवर्षे काम केले, तिच्या प्रमुख चंद्रिका शर्मा मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात होत्या. ही तत्त्वे त्यांना अर्पण केलेली आहेत.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे, हे माझ्या मते स्पष्ट आहे. केरळने २०१७ मध्ये आपला कायदा दुरुस्त करून गाव, जिल्हा आणि राज्य या तिन्ही पातळ्यांवर मत्स्य व्यवस्थापन परिषदांची तरतूद केली. तशी परिषद प्रत्येक मच्छीमार गावात आणि बंदरावर हवी आणि तिच्यात रापणकर, डोलकर, मासे विकणाऱ्या बायका, खलाशी आणि शास्त्रज्ञ यांना मतासह जागा हवी. कोणत्या महिन्यात कोणते पाणी बंद ठेवायचे हे तिने सुचवावे, गस्तीच्या बोटीवर तिचा माणूस असावा, दाखल झालेल्या प्रत्येक तक्रारीचे काय झाले हे तिच्यापुढे वाचून दाखवले जावे.

आपल्यासारख्या खाणाऱ्यांनीही वाटा उचलावा. बाजारात तळहाताएवढे पापलेट किंवा बोटाएवढी सुरमई दिसली तर घेऊ नये आणि का घेत नाही ते विक्रेतीला आदराने सांगावे. मोसमाप्रमाणे मासा खावा, बांगडा, तारली, मांदेली यांना ताटात मान द्यावा, शक्य तिथे कोळणीकडूनच घ्यावा. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्यामुळे कर्ज, वीज आणि विमा यांची दारे उघडतील. शेतकऱ्याला आधी लागते ती जमीन, तसे मच्छीमाराला लागते ते पाणी. दहा वावांच्या आतले पाणी छोट्या होडीचे, हे १९८१ च्या कायद्याने मान्य केलेलेच आहे, आणि ते पाणी तिला प्रत्यक्षात मिळवून देणे हे सरकारचे पहिले काम आहे.